अर्थशास्त्रात पदवी घ्यायची आहे? सुरुवात घरच्या वहीपासून करा

बारावीचा निकाल लागला की गावातली पोरं विचारतात, "सर, बी.ए.ला अर्थशास्त्र घेऊ का? सोपं असते का?" सोपं नसतं. पण कास्तकाराच्या घरात वाढलेल्याला ते परकंही नसतं.

आधी विषय आवडतो का ते पाहा. एका वहीत घरच्या एकरभर पऱ्हाटीचा हिशेब मांडा. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी. आई-बाबांच्या स्वतःच्या मेहनतीची मजुरीही लावा, ती आपण कधीच धरत नाही. मग विक्रीकडे या. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव ठरला. तरी दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला बाबा त्याहून कमी भावात कापूस का देतात? हमीभावानं कापूस घेणाऱ्या सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचं, केंद्र लांब असतं, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर तिथे माल घेत नाहीत आणि कृषी केंद्राची उधारी आजच फेडायची असते. यातल्या प्रत्येक कारणावर अर्थशास्त्रात एकेक प्रकरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. दुखणं नुसतं तुकड्याच्या आकारात नाही, जमिनीवर अवलंबून असलेली माणसं जास्त आणि भांडवल कमी, हे त्यात त्यांनी दाखवलं. ही वही भरताना रात्र कशी गेली कळलं नाही, तर विषय तुमचा आहे.

गणित सोडू नका. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच. मी अकरावीत कला शाखेत गेलो आणि गणित सोडलं. एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर डी-वाय बाय डी-एक्स लिहिलं आणि मला ते नुसतं चित्र दिसलं. घरमालकांच्या मुलीचं बारावीचं पुस्तक मागून आणलं आणि दिवाळीपर्यंत रोज पहाटे अवकलन, म्हणजे बदलाचा दर काढायचं ते गणित, शिकलो. कला शाखेतही गणित हा विषय घेता येतो. तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो नसेल, तर अकरावीच्या प्रवेशाआधी तालुक्यातल्या दुसऱ्या महाविद्यालयात विचारा. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला तर गणिताशिवाय दारच उघडत नाही.

मग पदवी निवडा. जवळचा मार्ग बी.ए.चा. नागपूर, अमरावती आणि गडचिरोलीचं गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवलं जातं. प्रवेश घेताना एकच गोष्ट खोदून विचारा: अर्थशास्त्र मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून मिळेल की फक्त मायनर, म्हणजे दुय्यम? नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. त्यानंतरचं एम.ए. एका वर्षाचं.

बी.कॉम.मध्येही बिझनेस इकॉनॉमिक्स असतं, पण भर हिशेबावर. बँकेत किंवा सी.ए.कडे जायचं असेल तर ते बरं. आकडेवारीची आवड असेल तर पुण्याच्या गोखले संस्थेचा बी.एस्सी. अर्थशास्त्र हा अभ्यासक्रम पाहा. ही संस्था १९३० पासून याच विषयाला वाहिलेली आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती मराठीतूनही देता येते. वावर सोडून जाणं शक्य नसेल, तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू.

पुढचं आत्ताच माहीत असू द्या. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. यूपीएससीमार्फत होणाऱ्या भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३० आणि उत्तरं इंग्रजीत. म्हणून पदवी मराठीतून करा, काही हरकत नाही, पण पहिल्या वर्षापासून प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहून ठेवा.

पैशाची सोय. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरायचे. वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवण्याच्या खर्चाला अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, इतरांपैकी पात्र मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. दोन्हींच्या अटी वाचून घ्या. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकते. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर लागत असेल तर तेही, निकालाच्या आधीच काढा. निकाल लागला की सेतू केंद्रापुढे रांग लागते, आणि त्याच दिवसांत घरी पेरणीची घाई असते.