सुट्टीनंतर वर्गात काय चाललंय ते कसं ओळखायचं

शाळा उघडल्यावर सुरुवातीला बहुतेक उजळणीच असते, त्यामुळे वहीत जुनंच दिसलं तर टेन्शन घेऊ नका. "आज काय शिकवलं?" विचारलं की "काही नाही" हेच येणार, त्यापेक्षा "हे गणित मला शिकव ना" म्हणा, मुलं खुशीत सांगतात आणि कुठे अडतंय तेही कळतं. उदा. ५२ − २७ चं उत्तर ३५ आलं म्हणजे मूल ७ मधून २ वजा करतंय, हातच्याचं विसरलंय, मग ओरडायचं अजिबात नाही, दहा-दहा काड्यांचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या घ्या, एक गठ्ठा सोडा, आता ४ गठ्ठे आणि १२ सुट्या, यातून २७ त्यालाच काढू द्या. वाचन मात्र रोज थोडं मोठ्याने, मध्ये मध्ये न टोकता.