डुकराच्या मानेवर थायरॉईडचे तंत्र तपासताना या चुका टाळा

दुर्बिणीतून थायरॉईड काढण्याचे तंत्र तपासायला बहुधा डुक्कर निवडतात, कारण माणसासाठीची उपकरणे त्याच्या मानेत चालतात. पण आतली रचना वेगळी आहे. डुकराची थायरॉईड श्वासनलिकेसमोर, छातीच्या तोंडाजवळ, मधोमध एकसंध असते. पॅराथायरॉईडची (रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथींची) जोडी एकच, तीही दूर, वर थायमस या ग्रंथीपाशी. त्यामुळे 'कॅल्शियम घसरले नाही' हे तंत्राचे यश म्हणून मांडू नका. जी ग्रंथी वाटेत नव्हतीच, ती वाचवली असे कसे म्हणणार?

सर्वाधिक घोळ स्वरयंत्राच्या नसेबाबत होतो. ती शाबूत आहे का हे बघायला श्वासाच्या नळीवर इलेक्ट्रोड लावून तिचा सिग्नल मॉनिटरवर बघतात. तो गेला, की घाईने 'नस दुखावली' अशी नोंद होते. आधी नळी बघा: ती फिरली किंवा वरखाली सरकली, तर इलेक्ट्रोड स्वरपट्ट्यांपासून सुटतात. मग भूलतज्ज्ञांना विचारा, स्नायू शिथिल करणारे औषध नुकतेच दिले आहे का? (सक्सिनिलकोलीन लवकर उतरते म्हणून मोह होतो, पण काही जातींच्या डुकरांत त्याने जीवघेणा ताप भडकतो.) त्यानंतर व्हेगस नस (जिच्यातून स्वरयंत्राची नस फुटते ती) उत्तेजित करून बघा. विच्छेदनाआधीची व्हेगसची नोंदच नसेल, तर पुढच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? ती नोंद चुकवू नका. नस ओढली गेल्याने सिग्नल सहसा हळूहळू उतरतो. ओढ सैल करून थांबलात तर काही अंशी परततो. उष्णतेने तो झटकन जातो आणि टेबलावर सहसा परतत नाही. म्हणून ओढ कधी लावली, ऊर्जेचे (उष्णतेने कापणारे) उपकरण कधी चालवले, त्याच्या वेळा लिहा.

जागा करण्यासाठी मानेत भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा दाब पोटाच्या शस्त्रक्रियेसारखा ठेवू नका. मानेतल्या शिरा दबतात, वायू रक्तात शोषला जातो. 1996 मध्ये माणसावरच्या पहिल्या एंडोस्कोपिक (दुर्बिणीतून केलेल्या) पॅराथायरॉईड शस्त्रक्रियेतच रक्तातला वायू वाढला होता आणि त्वचेखाली हवा पसरली होती. पुढे डुकरांवरच्या प्रयोगांत 10 मिमी पारा दाब सोसला गेला, 15 च्या पुढे त्रास वाढला. व्हेंटिलेटर वाढवून रक्तातल्या वायूचा आकडा सुधारला असेल, तर तेही नोंदवा, नाहीतर शोषलेला वायू कागदावर दिसणारच नाही.

तोंडावाटे थायरॉईडपर्यंत जाण्याचा मार्ग सुरक्षित आहे असा दावा करायचा असेल, तर जनावर टेबलावरच संपवून चालणार नाही. संसर्ग दिसायला दिवस लागतात. तेवढे दिवस वेदनाशामक, मऊ खाणे आणि रोजची तपासणी यांची सोय परवानगीच्या अर्जातच लिहा. ती जमणार नसेल, तर त्या मार्गाचा प्रयोग सुरूच करू नका.