विस्मृतीत गेलेल्या स्त्रियांचं चरित्र लिहिताय? या चुका टाळा

‘बायकांचे कागद कुठे असतात?’ असं म्हणून कितीतरी जण शोध अर्ध्यावर सोडतात. पुष्कळदा कागद असतो, आपण तो चुकीच्या नावाने शोधत असतो.

रखमाबाईंचंच बघा. आज त्यांना रखमाबाई राऊत म्हणतात, पण राऊत हे त्यांच्या सावत्र वडिलांचं, डॉ. सखाराम अर्जुन यांचं आडनाव. त्यांनी नांदायला यावं म्हणून नवऱ्याने १८८४ मध्ये भरलेला खटला ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ या नावाचा. आणि १८८५ मध्ये बालविवाहाविरुद्ध ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी लिहिलेल्या पत्रांखाली नावच नाही, सही आहे ‘अ हिंदू लेडी’. आजच्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती यातलं काय लागणार? आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या, आणि अमेरिकेतल्या कागदांत त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी दोन ‘ई’ आहेत. म्हणून आधी माहेरचं नाव, सासरचं नाव, टोपणनाव, स्पेलिंगं, वडील आणि नवरा यांची नावं वहीत लिहून काढा. दप्तर त्यानंतर उघडा.

घरच्यांना भेटताना दुसरी चूक होते. ‘आजीबद्दल सांगा’ म्हटलं की घरचे हटकून आजोबांबद्दल बोलू लागतात. तिथे वस्तू मागा. शाळेचा दाखला, वारसनोंदीचा फेरफार, पोथीच्या पहिल्या पानावरचं नाव. माळ्यावरची पितळी भांडीसुद्धा उतरवायला सांगा. त्यांवर नाव, कधी गाव आणि तारीखही कोरलेली असते. सुनांशी आणि लेकींशी वेगळं बोला, पुरुष मंडळी समोर नसताना.

तारखा जपून. शकावरून इसवी सन काढायचं ‘शके अधिक ७८’ हे गणित पौषापासून फाल्गुनापर्यंत बहुधा एका वर्षाने चुकतं.

‘पहिली’ हा शब्द तर दहा वेळा तपासा. आनंदीबाईंना १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. मिळाली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण पुरं करून पुढे डॉक्टरकी करत राहिल्या. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. त्यामुळे कुठली पदवी, कुठल्या देशात, प्रत्यक्ष व्यवसाय केला का, हे लिहिल्याशिवाय ‘पहिली’ लिहू नका. एकीला मोठं करताना दुसरी पुसली जाते.

याहून मला जास्त खुपतं ते रिकाम्या जागा भरणं. सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतल्या सहकारी फातिमा शेख यांच्याविषयीचा सगळ्यात भक्कम उल्लेख सावित्रीबाईंच्याच १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रातला, तोही ओझरता. एवढ्या आधारावर त्यांचं बालपण, स्वभाव, संवाद रचले की शंका घेणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं, आणि मग त्या बाईच्या अस्तित्वावरच बोट ठेवलं जातं. त्या एका उल्लेखाचं वजन पुरेसं आहे. तो पूर्ण उद्धृत करा, आणि जिथे माहिती नाही तिथे तसं स्पष्ट लिहा.

छापताना पत्रं आणि फोटो ज्यांच्याकडून मिळाले त्यांची लेखी परवानगी घ्या. घरात पत्र आहे म्हणजे छापायचा हक्कही त्याच घराकडे आहे, असं नसतं. लेखिकेच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा कॉपीराइट भारतात तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो; न छापलेल्या पत्रांचा हिशेब वेगळा असतो.

आणि प्रती वाटा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापली गेली, नंतर विस्मृतीत गेली आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केली तेव्हा लोकांसमोर आली. तुमच्या पुस्तकाची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि एक त्या बाईच्या माहेरच्या गावात पोचवा.