रजेचा हिशेब आधी, विटांचा नंतर

घर बांधायला काढलंत आणि दोघंही नोकरीत असाल, तर सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा. माझा नवरा चाकणच्या कारखान्यात, त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मी बँकेत, मला रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. सुट्ट्या जुळत नाहीत म्हणून आम्ही वर्षानुवर्षं हळहळत आलो. राजगुरुनगरला घर बांधताना मात्र त्याचमुळे आठवड्यातले दोन वेगळे दिवस घरचं कुणीतरी साइटवर उभं राहू शकलं. तुमच्याही सुट्ट्या लिहून काढा, शिल्लक रजा लिहा, आणि त्यातली एकही रजा नुसतं बांधकाम बघायला म्हणून घालवू नका. वीटकाम संध्याकाळी दिसतं, सुट्टीच्या दिवशीही दिसतं. जे काम उद्या झाकलं जाणार आहे, त्याच्यासाठी आज रजा टाका. काँक्रीटमध्ये गेलेली सळई, गिलाव्याखाली गेलेला पाइप, फरशीखाली गेलेलं वॉटरप्रूफिंग नंतर कुणालाच दिसत नाही, आणि घराची दुखणी बहुतेक तिथूनच निघतात.

आमच्या हिशेबात असे १२ दिवस निघाले. आखणीचा एक, खड्डे तपासायचा एक, फुटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या पायाची, सळई बांधून झाल्यावरचा एक, जोत्यात भराव टाकण्याआधीचा एक. दोन स्लॅबचे प्रत्येकी दोन, म्हणजे स्लॅबचा दिवस आणि त्याचा आदला दिवस. मग गिलाव्याआधी भिंतीतले पाइप, बाथरूमची पाणीचाचणी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि शेवटी बाहेरची ड्रेनेज लाइन मातीखाली जाण्याआधी. ह्या १२ दिवसांची नावं आधी लिहून कुणी कुठला दिवस घ्यायचा ते वाटून घ्या. तारखा मागेपुढे होतील, माणूस ठरलेला असू दे. ज्या आठवड्यांत रजा मिळणारच नाही, त्यांच्यावर त्याच कॅलेंडरवर फुली मारा. मी ती मारली नव्हती. आमचा वरचा स्लॅब आला मार्चअखेरीला. बँकेत त्या आठवड्यात रजा मागायची सोय नसते, आणि नवऱ्याच्या कारखान्यातही तीच घाई होती. आदल्या दिवशी कुणीच वर चढलं नाही. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा आधार, काढल्यावर कळलं की मुलीच्या खोलीत पंख्याचा बॉक्स टाकायचाच राहिला. आज तो पंखा छतात फास्टनर ठोकून बसवलाय आणि त्याची वायर पट्टीतून उघडी आली आहे. खोलीत गेले की माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

कागदपत्रांचं काम जमीन घेतानाच अर्धं झालेलं असतं, पण खोदाईआधी पुन्हा एकदा फाइल उघडा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक तुमच्या नावावर झालंय का, फेरफार मंजूर आहे का, 'इतर हक्क'मध्ये कुणाचा बोजा राहिलाय का, लेआउट मंजूर आणि अकृषिक आहे का, हे स्वतः वाचा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करून घ्या आणि त्या वेळी शेजाऱ्यांना बोलवा. आमचा प्लॉट दोन गुंठ्यांचा, म्हणजे २,१७८ चौरस फूट. एवढ्याशा जागेत हद्द फूटभर सरकली तरी सामासिक अंतराचं, म्हणजे हद्द आणि घर ह्यांच्यात मोकळी सोडायच्या जागेचं, गणित बिघडतं आणि मंजूर नकाशा कागदावरच राहतो. बांधकाम परवानगीला मुदत असते. त्या मुदतीत काम सुरू झालं नाही तर नूतनीकरण करावं लागतं, म्हणून ती तारीखही कॅलेंडरवर टाका. जोतं झालं की जोते तपासणीचं पत्र घ्यायचं, ते विसरू नका. भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे घरात राहायला जायच्या परवानगीच्या, वेळी ते लागतं.

पैशांबद्दल मी बँकेतल्या खुर्चीतून सांगते. घरबांधणीचं कर्ज एकरकमी हातात येत नाही. आधी तुमचा वाटा खर्च झालेला दिसावा लागतो, मग जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा टप्प्यांनी रक्कम सुटते, आणि प्रत्येक टप्प्याला इंजिनीअरचा किंवा आर्किटेक्टचा दाखला लागतो. दाखला, पाहणी आणि रक्कम खात्यावर येणं ह्यांत दिवस जातात. कारागीर तेवढे दिवस थांबत नाहीत. ते दुसऱ्या साइटवर गेले की परत आणायला महिना जातो. तेव्हा एका टप्प्याचा खर्च भागेल इतकी रोकड खात्यात वेगळी ठेवा. ह्या काळात राहत्या घराचं भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही चालू असतं, हे महिन्याच्या हिशेबात आधीच धरा. अंदाजपत्रकावर किमान १५ टक्के जादा धरा. आमच्याकडे कंपाउंड, गेट, पाण्याची जोडणी आणि वीजजोडणी ह्यांनीच ते खाल्ले. ह्यातलं एकही मूळ आकड्यात नव्हतं.

ठेकेदाराला नुसत्या मजुरीवर काम द्यायचं की मालासकट, ह्यावर माझं मत स्पष्ट आहे. दोघंही दिवसभर बाहेर असाल तर सिमेंट, सळई, खडी एवढा मोठा माल स्वतः घ्या आणि खिळे, तार, सेंट्रिंगचं सामान ठेकेदारावर सोडा. अख्खा माल स्वतः आणायला गेलात तर दर दोन दिवसांनी ऑफिसात असताना 'तार संपली' असा फोन येईल. करार साध्या मराठीत, पण लेखी करा. दर कुठल्या चौरस फुटावर, छज्जे आणि जिना त्यात आहेत का, टाकी आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) आहेत का, पाणी मारायला माणूस कोण देणार, हे एकेक ओळीत लिहा. पैसे आठवड्यावर न देता टप्प्यावर द्या. मजुरांना आठवड्याची उचल लागते, ती जरूर द्या, पण टप्प्याच्या रकमेतून वजा करत चला. शेवटचे पाच ते दहा टक्के किल्ली हातात आल्यावरच द्या.

हंगाम असा धरा की खोदाई पाऊस सरल्यावर आणि बाहेरचा गिलावा पुढच्या पावसाआधी. आम्ही दसऱ्याला भूमिपूजन केलं आणि खड्डे दिवाळीनंतर घेतले. काळी माती असेल तर खोलीचा आकडा आधी ठरवू नका. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हात आक्रसते, तेव्हा पाया तिच्याखालच्या घट्ट मुरमावरच बसला पाहिजे. आमच्या नऊ खड्ड्यांपैकी सात खड्डे पाच फुटांवर मुरमाला लागले, दोन सव्वासहावर. ठेकेदार पाचावरच थांबवत होता. त्या दिवशी नवरा रजेवर होता म्हणून ते दोन खड्डे खाली गेले. होळीला, चैत्रातल्या जत्रांना आणि दिवाळीला मजूर गावी जाणारच. ते दिवस धरूनच वेळापत्रक आखा आणि त्यांना सुखानं जाऊ द्या.

साइटवर सगळ्यात आधी बांधायचा तो हौद. पाणी पिण्याजोगं स्वच्छ हवं. खारट बोअरच्या पाण्यात काँक्रीट कालवू नका. हौदाला पहिल्या दिवसापासून जड झाकण हवं, नुसती फळी नको. मजुरांची लहान मुलं साइटवरच खेळत असतात. आमच्याकडे दोन वर्षांचं एक पोर वाळूच्या ढिगावर दिवसभर बसलेलं असायचं आणि मला कामावर त्याच हौदाची धास्ती वाटायची. शेवटी लोखंडी झाकण करून त्याला कुलूप लावलं. शौचालयाची तात्पुरती सोयही तेव्हाच करा. बायका कामाला असतात, त्यांनी जायचं कुठे?

सिमेंट आलं की पोत्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचा. तीन महिन्यांपलीकडचं घेऊ नका. शेडमध्ये फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर आणि दहापेक्षा जास्त थर न चढवता रचा. रिकामी पोती मोजून ठेवा, त्यावरून किती वापरलं ते संध्याकाळी पाच मिनिटांत कळतं. खडी आणि क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, ब्रासनं येते. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, तेव्हा टेम्पोच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणा. दहा बाय पाच बाय दोन भरलं तर एक ब्रास. सळईचं वजन काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ नं भागा, मीटरला किती किलो ते मिळतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.७ किलो भरते. हे आकडे सासऱ्यांच्या, म्हणजे दादांच्या, वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून दिले होते. दादा दिवसभर लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि एकही गाडी न मोजता आत सोडायचे नाहीत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांना वही, टेप आणि सावली द्या. मुकादमाशी वाद घालायचं काम मात्र त्यांच्यावर टाकू नका. चुकलं तर फोटो काढून पाठवा, बोलायचं आम्ही, असं आमचं ठरलेलं होतं.

स्लॅबच्या आदल्या दिवशी इंजिनीअरला घेऊन वर चढा. सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला कडेपासून अंतरावर धरणारे छोटे ठोकळे, आहेत ना ते बघा, स्लॅबला २० मिलिमीटर आणि कॉलमला ४०. दगडाचे तुकडे सारलेले असतील तर काढायला लावा. लाइटचे पाइप, पंख्याचे बॉक्स नकाशा हातात घेऊन एकेक बोट ठेवून मोजा. बाथरूमचा खाली घेतलेला भाग बघा. टेप ठेवून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी पहाटे नारळ फुटला की काम थांबत नाही, म्हणून काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर एक जास्तीचा आणि ताडपत्री तयार ठेवा. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला सिमेंटच्या पोत्यामागे २५ ते २७ लिटरच्या वर पाणी नको. मिक्सरवाल्याला पातळ माल सोपा जातो, तिथे उभं राहून बादल्या मोजाव्याच लागतात. त्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे सहा ठोकळे भरून घ्या, तीन ७ दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी ताकद तपासायला. आणि स्लॅब टाकणाऱ्या सगळ्यांचं जेवण घरचं द्या. आम्ही मटण-भाकरी केली होती, न खाणाऱ्यांना पिठलं आणि गुळाची पोळी. १८ जणांनी १२ तास घमेली उचलली होती.

पाणी मारणं हे नोकरदारांचं खरं अवघड काम आहे, कारण ते रोजचं आहे आणि त्यात खंड चालत नाही. हल्लीचं बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं, असतं. त्याला आय.एस. ४५६ ह्या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान १० दिवस ओल हवी आणि १४ दिवस ठेवावी असं सुचवलं आहे. स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी साठवलं की दिवसातून दोनदा बघणं पुरतं. कॉलमला गोणपाट गुंडाळा, भिंतीवर मात्र पाणीच मारावं लागतं. आमची वाटणी अशी होती: पहाटे साडेपाचला, पाळीला जायच्या आधी नवरा, दुपारी दादा, रात्री आठला मी आणि मुलगी, टॉर्च घेऊन. कुठल्या कॉलमला किती दिवस झाले ते लक्षात राहत नाही, म्हणून मुलगी प्रत्येकावर रंगीत खडूनं भरल्याची तारीख लिहायची. टेकू कधी काढायचे तेही त्याच तारखेवरून ठरवा. साध्या (ओपीसी) सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला किमान ७ दिवस, त्याहून लांब असेल तर १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ आणि पुढे २१; पीपीसी असेल तर इंजिनीअरला विचारून ह्याहून जास्त. सेंट्रिंगवाल्याला सामान दुसरीकडे न्यायचं असतं, तो आधीच विचारेल. नाही म्हणा.

वीटकाम झालं की एक रविवार बटणांसाठी राखा. सगळं घर, अगदी आजीसुद्धा, रिकाम्या खोल्यांतून फिरवा. पलंग कुठे, उशी कुठल्या बाजूला, मोबाइल कुठे चार्ज होणार, मिक्सर, फ्रिज, पाण्याचं फिल्टर, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, देवघरातला दिवा, सगळं खडूनं भिंतीवर काढा. जिन्याचा दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून लागला पाहिजे. ओट्याची उंची जी स्वयंपाक करणार आणि जो करणार त्यांना उभं करून ठरवा. आमचा ३३ इंच आला. हे सगळं ठरलेलं असलं की काउंटरवर रांग लागलेली असताना 'मॅडम, बोर्ड कुठे घेऊ?' असा फोन येत नाही. घाईत दिलेलं उत्तर पुढे रोज हाताला लागतं. फरशी, नळ, दारं, रंग ह्यांची निवडही गिलाव्याआधीच संपवून मॉडेल नंबरासकट वहीत लिहा.

पाइप टाकून झाल्यावर, गिलाव्याआधी, प्रत्येक भिंतीचा सावकाश व्हिडिओ काढा. टेप कोपऱ्यापासून लावलेली दिसली पाहिजे. काँक्रीट आणि विटा जिथे भेटतात तिथे जाळी मारली आहे ना तेही त्यातच येईल. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी भरून ठेवा, पातळीला खूण करा, आणि खालच्या खोलीचं छत हात लावून बघा. फरशी त्यानंतरच.

राहायला जाण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र, कायमचा वीजमीटर आणि घरपट्टीची नोंद ही तीन कामं एकाच आठवड्यात मार्गी लावा. वास्तुशांतीची तारीख त्यांच्यानंतर धरा. उरलेल्या फरशीचा एकेक बॉक्स माळ्यावर ठेवा, रंगाच्या डब्यांवरचे नंबर वहीत चिकटवा. सामान लागलं की घरातलं कुणीतरी घड्याळ लावायला ड्रिल घेऊन उभं राहील. त्याच्या हातात आधी त्या भिंतीचा व्हिडिओ द्या.