जिताडा गळाला लावायचाय? आधी पंचांग उघडा

गळ टाकायला शिकून वर्ष-दोन वर्षं झाली, शिंगाळे, बोय हाताला लागतात, फेकही बऱ्यापैकी लांब जाते, पण जिताडा, खाडीतला हा मोठा शिकारी मासा, काही लागत नाही. असे बरेच जण मला खाडीवर भेटतात. त्यांच्या पेटीत ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, भरपूर असतात, रॉडही चांगला असतो. चुकते ती वेळ आणि उभं राहायची जागा. म्हणून सामानाचं थोडक्यात सांगतो आणि पाण्याचं जरा सविस्तर.

आपल्याकडे मिळणारा ल्युअरचा बराचसा माल मुळात अमेरिकेतल्या लार्जमाउथ बाससाठी घडवलेला आहे. ते आपल्या पथ्यावरच पडतं, कारण बास आणि जिताडा, दोघांची शिकारीची रीत एकच. आडोशाला दबा धरायचा आणि समोर आलेलं भक्ष्य तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचं. त्यामुळे बासचा 7 फुटी, मीडियम-हेवी, 10 ते 30 ग्रॅमचं ल्युअर फेकणारा रॉड आपल्या खाडीला छान चालतो. पण बास गोड्या पाण्यातला, तलावातला मासा. बासचे व्हिडिओ बघून तुम्ही फेक शिकाल, गाठ शिकाल, ल्युअर नाचवायला शिकाल. भरती-ओहोटी मात्र त्यात नसते, आणि जिताड्याचं सगळं गणित तिच्यावर आहे.

हे गणित आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर 5 ची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमाराला भरती पूर्ण होणार आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी, दहा वाजता, पूर्ण सुकती, म्हणजे पाणी सगळ्यात खाली. दुपारनंतर पुन्हा तेच चक्र. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते आणि सुकती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. अष्टमीला बरोबर उलटं. कृष्णपक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा 1 धरून मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. धरमतरच्या पुलाजवळ जी वेळ, ती आत पेणकडच्या फाट्यांत नसते. आपल्या जागेचा फरक दोन-चार वेळा घड्याळ लावून बघून ठेवा, मग तो कायमचा कामाला येतो.

आता कोणत्या तिथीला जायचं? माझं ठाम मत आहे: दोन्ही पक्षांत तृतीया ते षष्ठी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी इतक्या जोरात आत-बाहेर करतं की तळाचा सगळा गाळ वर येतो आणि खाडीचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. ल्युअर माशाच्या नाकापुढून गेलं तरी त्याला दिसत नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, पाणी निवळलेलं असतं, पण त्याला ओढ नसते. कोळंबी, बोयची पिल्लं बाहेर फेकली जात नाहीत, त्यामुळे जिताड्यालाही ओहळांच्या तोंडाशी येऊन थांबायचं कारण उरत नाही. या दोन्हींच्या मधले दिवस सोन्याचे. उधाण उतरत असतं, पाणी निवळायला लागलेलं असतं आणि ओढ अजून शिल्लक असते. शिवाय तृतीयेला सव्वादोन आणि षष्ठीला साडेचार अशी भरतीची वेळ निघते, म्हणजे दिवस उजाडताना आणि दिवस मावळताना, दोन्ही वेळा पाणी ओहोटीचंच सापडतं. दशमीला जाऊन बघा, साडेसातला भरती. उजाडताना पाणी चढत असतं आणि मासा तिवरांच्या मुळांत आतवर पांगलेला असतो. काठावरून त्याच्यापर्यंत पोचणं कठीण.

जागा म्हणाल तर शिकायला उघाडीसारखी, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दारासारखी, दुसरी जागा नाही. खारबंदिस्तीच्या बांधाला जी उघाडी असते तिची झडप भरतीच्या दाबानं आपोआप मिटते आणि बाहेरचं पाणी खाली गेलं की आतल्या पाण्याच्या दाबानं उघडते. ती उघडली की बांधाआतल्या खाजणातली कोळंबी, निवट्या, बोयची पोरं सगळी धारेबरोबर बाहेर येतात. जिताड्याला हे पक्कं ठाऊक असतं.

पोचल्या पोचल्या फेकू नका. बांधावर थोडं मागे उभे राहा आणि धार बघा. मधोमध जोराचा पट्टा असतो, तिथे मासा उभा राहत नाही, दमतो. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना पाणी उलटं फिरतं, संथ भोवरा असतो. जोराचं पाणी आणि हा भोवरा यांच्या मधे एक शीव असते. नीट बघितलं की फेसाची, काटक्यांची रेघ दिसते. जिताडा या रेघेच्या संथ बाजूला, धारेकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणारं टिपतो. म्हणून ल्युअर त्याच्यावर फेकायचं नाही. वर, धारेत फेकायचं आणि पाण्यालाच ते रेघेपर्यंत आणू द्यायचं. दोरी सैल पडणार नाही इतकीच गुंडाळायची. खरी कोळंबी धारेच्या उलट पोहत जात नाही, मग आपली का जावी?

उघाडी जवळपास नसेल तर तिवरांतून खाडीला मिळणारी छोटी ओहळं शोधा, तिथेही ओहोटीला हाच खेळ चालतो. जुन्या जेट्टीचे, पुलाचे खांबही चांगले, फक्त खांबांना कालवं असतात आणि ती दोरीला सुरीसारखी लागतात. जिथे बोक्शी, म्हणजे धारेत लावायचं पिशवीसारखं जाळं, लावलेली असेल तिथे अजिबात फेकू नका. ते कुणाचं तरी पोट आहे. उघाडीवर उभं राहायच्या आधी गावातल्या माणसाला विचारावं, पुढच्या वेळी तोच तुम्हाला मासा कधी उडतो ते सांगेल.

पेटीत तीन प्रकारची ल्युअर असली तरी पुष्कळ झालं. पहिलं म्हणजे 4 इंची, शेपटी हलणारा रबरी मासा, 10 ते 14 ग्रॅमच्या जिगहेडवर, म्हणजे वजनदार डोकं असलेल्या गळावर. दुसरं, 10-12 सेंटिमीटरचं कडक मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचं ल्युअर, जे ओढलं की हातभर-दीड हात खाली जातं आणि थांबवलं की तिथेच तरंगत राहतं. तिसरी रबरी कोळंबी, गळाचं टोक रबरात लपवलेली, म्हणजे तिवरांच्या मुळांत अडकत नाही. गढूळ पाण्यात पांढरा आणि सोनेरी, अंधार पडताना काळा. रंगावर यापेक्षा जास्त डोकं चालवू नका. मिनोबरोबर येणारे तीन टोकांचे गळ बऱ्याचदा कच्चे असतात, जिताडा ते सरळ करतो. ते काढून जाड एकेरी गळ लावा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. मासा सोडायला सोपं जातं, आणि गळ आपल्याच हातात शिरला तरी निघतो.

ल्युअर ओढताना घाई ही सगळ्यात मोठी अडचण. मिनोला मनगटानं दोन छोटे झटके द्या आणि थांबा. मनात तीनपर्यंत मोजा. मग पुन्हा दोन झटके. जिताडा बहुतेक वेळा या थांबण्यातच घेतो. रबरी मासा तळाला टेकू द्या, दोरी सैल झाली की टेकला समजायचं, मग रॉडनं हातभर उचला आणि ताणलेल्या दोरीवर खाली जाऊ द्या. खाली जातानाच ठोका बसतो. माझे काका जिवंत कोळंबीशिवाय दुसरं काही लावत नाहीत, आणि ती रीत उत्तमच आहे, पण त्यांची शिकवण ल्युअरलाही लागू पडते: आमिषाला पळवू नको, ते घाबरलेलं दिसू दे.

दोरीबद्दल मात्र तडजोड करू नका. रीलवर 30 पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, किमान 150 मीटर. रील स्पिनिंगचं असेल तर 3000-4000 च्या मापाचं. ब्रेडच्या पुढे मीटरभर 40 पौंडी लीडर, तिवरांत फेकणार असाल तर 50. आमच्याकडे जाड तंगूसच म्हणतात त्याला. बास धरणारे पुष्कळदा इतका जाड लीडर लावत नाहीत, आपल्याला तो लागतोच. जिताड्याला मोठे दात नसतात, पण जबड्याचा आतला भाग खरखरीत कानशीसारखा आणि कल्ल्याचं झाकण धारदार. मान झटकताना तो दोरी त्यावर घासतो.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ शिका. ही गाठ बारीक बसते, रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही आणि जड माशाला सुटत नाही. रॉड मांड्यांमध्ये धरा, ब्रेडचं सुटं टोक डाव्या हाताच्या करंगळीला चार वेढे देऊन ताणून धरा. ब्रेड सरळ, घट्ट ताणलेली हवी, सगळी करामत या ताणात आहे. आता उजव्या हातातला लीडर तिच्यावर आडवा ठेवा. लीडरचं टोक ब्रेडच्या वरून पलीकडे नेऊन खालून परत आणा, मग खालून नेऊन वरून परत आणा. एकदा वरून, एकदा खालून, असे 20 वेढे. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून बसला पाहिजे, एकावर एक चढता कामा नये. नीट जमलं तर लीडरभोवती ब्रेडची बारीक वेणी दिसते. तिथे चिमटीत धरा आणि ब्रेडच्या सुट्या टोकानं लीडर व मुख्य ब्रेड दोन्हींवर मिळून दोन अर्ध्या गाठी मारा. थुंकीनं ओलं करा आणि मुख्य ब्रेड व लीडर दोन्ही बाजूंना जोरात ओढा. वेणीचा रंग गडद होतो, म्हणजे ती लीडरमध्ये रुतली. लीडरचं उरलेलं टोक अगदी मुळाशी कापा, मग नुसत्या मुख्य ब्रेडवर एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं अशा चार-पाच अर्ध्या गाठी, आणि ब्रेडचं टोक कापा. घरी दिव्याखाली बसून सराव करा, कारण खाडीवर वारा असतो आणि हात ओले असतात. ल्युअर बांधताना मात्र गाठ घट्ट आवळायची नाही, छोटा फासा सैल ठेवायचा. तेवढ्यानं ल्युअर मोकळं हलतं.

रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरी सुटू द्यायची ते, घरीच लावून निघा. एक-एक लिटरच्या पाण्यानं भरलेल्या 3 बाटल्या पिशवीत घाला, पिशवी दोरीला बांधा, रॉडचं टोक जमिनीकडे सरळ धरा आणि उचला. पिशवी जमिनीवरून सुटून मग दोरी हळूहळू सरकायला लागली, की ड्रॅग 3 किलोच्या आसपास आहे. 30 पौंडी दोरीला एवढं पुरे. रॉड वाकवून वजन उचलू नका, रॉड मोडतो.

मासा लागला की पहिले काही क्षण त्याला खांबापासून, मुळांपासून दूर वळवण्यात घालवा. रॉड आडवा ठेवा आणि त्याच्या उलट बाजूला ओढा. मग दोरीवर लक्ष. पाण्यात शिरलेली दोरी वर वर यायला लागली की तो उडी मारणार. त्याच क्षणी रॉडचं टोक पाण्याजवळ खाली आणा. उंच धरलेल्या रॉडवर जिताडा उडाला, मान झटकली, की ल्युअर परत आपल्याकडे येतं. टोक खाली असलं तर उडी छोटी होते आणि दोरीचा ताण टिकतो. तो दमला असं वाटून काठाशी ड्रॅग आवळू नका, शेवटची धाव तो काठ बघूनच घेतो.

काठावर आणताना कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. बोट फाटतं, आणि मासा सोडायचा असेल तर त्याच्याही जिवावर बेततं. ओठ पकडायचा चिमटा आणि पोटाखाली दुसरा हात. चिखलात उतरायचं तर जाड तळव्याचे बूट घाला आणि एकटे उतरू नका. खाडीचा चिखल मांडीपर्यंत घेतो आणि पाणी परत चढायला वेळ लागत नाही.

कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा, यावर मी आग्रही आहे. जिताडा जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतला सगळ्यात मोठा मासा बहुतेक मादीच, आणि पावसाच्या सुरुवातीला खाडीच्या मुखाकडे जाऊन लाखोंनी अंडी तीच घालणार. जून-जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी असते, पण मी ते 2 महिने जिताड्यासाठी गळ टाकत नाही आणि तुम्हीही टाकू नये असं मला मनापासून वाटतं. एरवी ताटात जायला 2 ते 3 किलोचा पुरतो. त्याहून लहान आणि 5 किलोच्या वरचे पाण्यात परत. सोडताना त्याला डोकं धारेकडे करून धरा, शेपटी स्वतःहून मारायला लागला की हात काढा.

आणि प्रत्येक माशानंतर लीडरच्या शेवटच्या वीतभर भागावरून नख फिरवा. जरा खरखर लागली तरी तेवढा तुकडा कापून ल्युअर नव्यानं बांधा, मगच पुढची फेक.