हलका लॅपटॉप आणि त्यावर लिनक्स: पैसे देण्याआधी या चुका टाळा

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, की रोज ट्रेनने जातो, पाठीवर ओझं नको, सव्वा किलोच्या आसपासचा एखादा लॅपटॉप सांग ज्यावर लिनक्स मस्त चालेल. मी मॉडेलचं नाव सांगायच्या आधी विचारतो, दुकानात लिनक्स टाकलेला पेनड्राइव्ह घेऊन जाणार आहेस ना? कारण हलका लॅपटॉप म्हणजे सगळं आत चिकटवलेलं असतं, नंतर बदलायला फारसं काही उरत नाही, त्यामुळे जे काय बघायचं ते पैसे द्यायच्या आधीच. डेस्कटॉपवर एखादं कार्ड नाही चाललं तर दुसरं टाकता येतं, इथे तसं नाही.

खाली लिहिलेल्या चुका मी केल्यात किंवा मित्रांना करताना बघितल्यात. बहुतेक गोष्टी ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड बिझनेस लॅपटॉपबद्दल आहेत, कारण आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन लोक तेच जास्त घेतात आणि लिनक्ससाठी माझ्या मते तेच घ्यावेत. नवीन घेणाऱ्यांसाठीही जागोजागी लिहिलंय.

आय-सेव्हनचं स्टिकर बघून भुलणं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सहाव्या-सातव्या जनरेशनच्या मशीनवर मालकांनी पाणी सोडलंय. लिनक्सला त्या मशीन चालतात, अगदी छान चालतात, पण दुकानदार सातव्या जनरेशनचा आय-सेव्हन दाखवून "साहेब, आय-फाइव्हपेक्षा भारी आहे" म्हणाला तर थांबा. आय-सेव्हन ७५००यू मध्ये कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारे भाग, दोनच आहेत, आणि त्याच्या पुढच्या आय-फाइव्ह ८२५०यू मध्ये चार. पातळ लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये हा मोठा बदल आठव्या जनरेशनला झाला, म्हणून जनरेशनचा आकडा आधी बघायचा, आय-फाइव्ह की आय-सेव्हन ते नंतर.

रॅम "नंतर वाढवू" म्हणणं

हे वाक्य हलक्या लॅपटॉपला लागूच होत नाही. थिंकपॅड एक्स१ कार्बन, एक्स२८०, डेलचा एक्सपीएस १३, सगळ्या मॅकबुक एअर, यांची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, घेतली तेवढीच जन्मभर. नवीन कोअर अल्ट्रा २००व्ही सिरीजमध्ये तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली येते, १६ किंवा ३२ जीबी, बस. लिनक्स कमी रॅममध्ये चालतं हे खरंय पण ब्राउझर चालत नाही ना, वीस टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि एक एडिटर उघडलं की ८ जीबी संपते. सोल्डर रॅम असेल तर १६ च्या खाली घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो.

रॅम वाढवायची सोय पाहिजेच असेल तर थिंकपॅड टी४८०एस बघा, वजन १.३२ किलोपासून, थोडी रॅम सोल्डर आणि वर एक स्लॉट. एचपीच्या एलिटबुक ८३० जी५ मध्ये आणि डेल लॅटिट्यूड ७४९० मध्ये दोन स्लॉट येतात. एक्स१ कार्बनच्या १.१३ किलोपुढे हे थोडे जड आहेत, पण दोन-अडीचशे ग्रॅमसाठी पाच वर्षं रॅमची चणचण सोसायची का, ते ज्याचं त्यानं ठरवा. आणि हो, वजन चार्जरसकट मोजायचं, जुना भला मोठा चार्जर सॅकमध्ये टाकला की हलका लॅपटॉप घेऊन काय मिळवलं? यूएसबी-सीवर चार्ज होणारा घेतला तर एक छोटा चार्जर फोनलाही चालतो आणि लॅपटॉपलाही.

वायफायची चिप न विचारणं

सगळ्यात जास्त त्रास इथे होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. हलक्या लॅपटॉपला लॅनचं पोर्ट बहुतेक नसतंच. म्हणजे लिनक्स टाकलं, वायफाय दिसलं नाही, तर ड्रायव्हर उतरवायला नेटच नाही, अशी कोंडी होते. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, ते जवळपास प्रत्येक डिस्ट्रोमध्ये (म्हणजे उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारात) लगेच ओळखलं जातं, मग बाकीचं करता येतं.

चिप कुठली चांगली? इंटेलची, डोळे मिटून. ८२६५ असो, एएक्स२०० असो की एएक्स२१०, ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. रिअलटेकच्या काही चिप अजून रडवतात, ८८२१सीई वाल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये कर्नल जुना असला की वायफाय दिसतच नाही किंवा दर दहा मिनिटांनी तुटतं. मीडियाटेकची एमटी७९२१ कर्नल ५.१२ पासून चालते, एमटी७९२५ ला ६.७ लागतो. ब्रॉडकॉमची चिप असली की बऱ्याचदा कंपनीचा वेगळा क्लोज्ड-सोर्स ड्रायव्हर टाकावा लागतो, २०१५ च्या आसपासची मॅकबुक एअर स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, तिचा वेबकॅमसुद्धा बाहेरून ड्रायव्हर टाकल्याशिवाय चालत नाही.

आता अडचण ही, की एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कधी इंटेल, कधी रिअलटेक, कधी मीडियाटेक येते. यूट्यूबवर कुणाच्या तरी लॅपटॉपवर चाललं म्हणून तुमच्यावर चालेल असं नाही. नेमक्या त्याच मशीनवर लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं) बूट करून टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) ही कमांड मारा, चिपचं नाव समोर येतं.

चिप वाईट निघालीच आणि कार्ड स्लॉटमध्ये असेल तर बदलता येतं. मात्र इथे माझ्या एका मित्राने चूक केली, त्याने एएमडीच्या लॅपटॉपसाठी एएक्स२११ मागवलं. २०१ आणि २११ या कार्डांचा अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असतो, ती एएमडीवर चालतच नाहीत. तुम्हाला २०० किंवा २१० पाहिजे. शेवटचा एक आकडा, पण पैसे वाया. एक्स२३० च्या काळातल्या थिंकपॅडमध्ये तर बायोस (विंडोज-लिनक्सच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) फक्त ठराविक कार्डच स्वीकारतो, आणि काही पातळ मॉडेलमध्ये वायफायही सोल्डर असतं, तेव्हा कार्ड मागवायच्या आधी खालचं झाकण उघडून बघा.

बायोसचा पासवर्ड न तपासणं

कंपनीतून निघालेल्या लॅपटॉपला कधीकधी सुपरव्हायजर पासवर्ड तसाच राहिलेला असतो. विंडोज झकास चालू होतं, दुकानात काहीच कळत नाही, घरी येऊन पेनड्राइव्हवरून बूट करायला गेलं की पासवर्ड मागतो, आणि आधुनिक बिझनेस लॅपटॉपवर तो आतला छोटा सेल काढून जात नाही. दुकानातच बायोसमध्ये शिरा. थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. आत जाऊन एखादी सेटिंग बदलून सेव्ह होते का तेही बघा, कारण काही वेळा आत जाता येतं पण सगळं कुलूपबंद असतं.

बायोसमध्ये आहातच तर सिक्युअर बूटपण बघून घ्या, म्हणजे फक्त सही असलेलीच सिस्टिम चालू होऊ देणारी सोय. उबुंटू, फेडोरा सिक्युअर बूट चालू असताना चालतात, पण २०२२ नंतरच्या काही थिंकपॅडमध्ये मायक्रोसॉफ्टचं थर्ड पार्टी सर्टिफिकेट बंद करून येतं, ते चालू केलं नाही तर पेनड्राइव्ह बूटच होत नाही आणि माणूस उगाच पेनड्राइव्ह बदलत बसतो.

इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नाही

एसएसडी खराब आहे असं समजून दुकानात परत नेणारे मी बघितलेत. बऱ्याचदा बायोसमध्ये स्टोरेज रेड (RAID) किंवा आरएसटी (RST) मोडवर असतं, डेलमध्ये हे फार दिसतं. ते एएचसीआय (AHCI) केलं की डिस्क दिसते. मात्र विंडोजपण ठेवायचं असेल तर सरळ मोड बदलू नका, विंडोज उठणार नाही. आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की लिहून ठेवा, मग विंडोज सेफ मोडमध्ये रीस्टार्ट होईल असं करा, मध्येच बायोसमध्ये जाऊन मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या, नंतर नेहमीसारखं चालू करा.

नवाकोरा लॅपटॉप, जुनी डिस्ट्रो

हे नवीन घेणाऱ्यांसाठी. यंदाचा प्रोसेसर घेतला आणि त्यावर डेबियन १२ टाकलं, ज्याचा कर्नल ६.१ आहे, तर साउंड नाही, ग्राफिक्स ढिम्म, टचपॅड विचित्र, असं होणारच. लिनक्स वाईट नाही, हार्डवेअर कर्नलपेक्षा तरुण आहे. डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे, फेडोरा दर सहा महिन्यांनी नवीन येतं, उबुंटूच्या एलटीएसलाही (जास्त वर्षं सपोर्ट मिळणारी आवृत्ती) नवा कर्नल घेता येतो. मी तर म्हणतो वर्ष-दोन वर्षं जुनं मॉडेल घ्या, तोवर दुसऱ्या कुणीतरी सगळे बग सोसून झालेले असतात.

पातळ लॅपटॉपच्या कॅमेऱ्याची गोष्ट याच कारणाने झाली. इंटेलच्या बाराव्या जनरेशनपासून काही महागड्या मॉडेलमध्ये, एक्स१ कार्बन जेन १० च्या काही व्हेरियंटमध्ये किंवा एक्सपीएस १३ प्लसमध्ये, साध्या यूएसबी कॅमेऱ्याऐवजी आयपीयू६ वाला (प्रोसेसरमधल्या इमेज युनिटवर अवलंबून असणारा) कॅमेरा आला आणि लिनक्सवर तो बराच काळ चाललाच नाही. त्याच्या ड्रायव्हरचा एक भाग मुख्य कर्नलमध्ये ६.१० ला आला. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) मारल्यावर यादीत कॅमेरा दिसला की निश्चिंत व्हा.

फिंगरप्रिंट चालला तर बोनस समजा, त्यासाठी मॉडेल निवडू नका. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स हलक्या लॅपटॉपमध्ये नकोच, उष्णता वाढते, बॅटरी जाते, ड्रायव्हरची कटकट वेगळी. स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप बॅटरीला जबरदस्त आहेत पण लिनक्ससाठी मी आज कुणाला सुचवणार नाही. एम१ मॅकबुक एअरवर ‘असाही लिनक्स’ (Asahi, ॲपलच्या चिपसाठी बनवलेलं लिनक्स) खरंच सुंदर चालतं, वजन १.२९ किलो, फक्त टच आयडी चालत नाही आणि ८ जीबीवाली स्वस्त मिळते तिच्या नादी लागू नका.

स्क्रीन

जुन्या एक्स२७० सारख्या मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ ची फिकट स्क्रीन निघते, दिवसभर कोड किंवा मराठी मजकूर वाचायचा असेल तर डोळे दुखतात, वेलांट्या आणि अनुस्वार नीट दिसत नाहीत. उलट १३ इंचात फोर-के घेतलं तर अडीचपटीच्या आसपास स्केलिंग करावं लागतं, काही ॲप धूसर दिसतात आणि बॅटरीही खाते. १३-१४ इंचाला फुल एचडी किंवा १९२० बाय १२०० पुरे. परदेशातून आलेल्या मालात जर्मन कीबोर्ड असतो तोही बघा, वाय आणि झेड उलटे असतात. मराठी टायपिंगची काळजी नको, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही लेआउट मिळतात, फक्त सेट केल्यावर "दऱ्याखोऱ्या" लिहून बघा, तो ऱ्य नीट उमटला म्हणजे झालं.

झाकण लावल्यावर काय होतं ते न बघणं

माझी स्वतःची सगळ्यात महाग चूक ही. लॅपटॉप छान होता, वायफाय, साउंड, कॅमेरा सगळं चालत होतं. रात्री झाकण लावून सॅकमध्ये टाकला, सकाळी ट्रेनमध्ये पाठीला गरम लागायला लागलं, उघडला तर बॅटरी ९ टक्के. एका महत्त्वाच्या कामाला असा पोचलो की आधी प्लग शोधत फिरलो, आणि असं आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं.

कारण काय, तर पूर्वी लॅपटॉप एस३ नावाच्या स्लीपमध्ये जायचे, रॅम सोडून जवळपास सगळं बंद. आता बऱ्याच नव्या मशीनमध्ये, इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासून तर जास्तच, एस३ काढून टाकलंय आणि फोनसारखी अर्धवट झोप आलीय, तिला एस-टू-आयडल म्हणतात. त्यात एकजरी भाग नीट झोपला नाही तर रात्रभर बॅटरी गळते. मशीनमध्ये काय आहे ते बघायला टर्मिनलमध्ये cat /sys/power/mem_sleep ही कमांड मारा. "डीप" (deep) हा शब्द दिसला तर एस३ आहे, आणि चौकटी कंसात जो शब्द असेल तो सध्या चालू आहे. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये स्लीप स्टेटला विंडोज की लिनक्स असा पर्याय असतो, तिथे लिनक्स निवडलं की एस३ मिळतं. डीप नसेलच तर बायोस नवीन करा, एफडब्ल्यूअपडी (fwupd) नावाच्या टूलमधून लेनोवो, डेलचे बरेच मॉडेल लिनक्समधूनच अपडेट होतात, आणि कर्नल नवा घ्या. मी शेवटी हायबरनेट लावलं, म्हणजे सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद, उठायला वेळ लागतो पण पाठ भाजत नाही.

बॅटरीचं वय इथेच कळतं. अपॉवर कमांड (upower -d) मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही सांगते. टी४८०एस ची मूळ ५७ वॉट-अवर असते, ती ३८ वर आली असेल तर एक तृतीयांश गेली, तेवढे पैसे कमी करून मागा. आणि घरी टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डेमन ही बॅटरी सांभाळणारी टूल दोन्ही एकदम टाकू नका, दोघं एकमेकांच्या सेटिंगवर चढतात.

म्हणून दुकानात किमान अर्धा तास काढून जा. पेनड्राइव्हमध्ये व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवर अनेक डिस्ट्रो ठेवू देणारं टूल) टाकून फेडोरा आणि मिंट दोन्ही ठेवा. वायफाय जोडून एक व्हिडिओ लावा, दोन्ही स्पीकर वाजतात का ऐका, माइकमध्ये बोलून रेकॉर्ड करा, ब्राइटनेसची बटणं दाबा, यूएसबी-सीचं प्रत्येक पोर्ट चार्जर लावून तपासा. दुकानदार कुरकुरला तर सांगा, दादा, चाललं तर आत्ताच घेऊन जातो. मग चार्जर काढा, बॅटरीचा टक्का बघून ठेवा, झाकण लावा आणि समोरच्या टपरीवर चहा पिऊन या. परत येऊन लॅपटॉपच्या पोटाला हात लावा, गार असेल, टक्का हललेला नसेल आणि उघडल्या-उघडल्या वायफाय परत जोडलं गेलं असेल, तर पैसे द्या.