ॲजाइल कामाचा करार करताय? या चुका टाळा

सॉफ्टवेअरच्या करारात नेहमीची गोची अशी, की कागद जुन्या पद्धतीचा असतो आणि काम नव्या, म्हणजे ॲजाइल पद्धतीचं: थोडं थोडं करून दाखवायचं आणि गरजेप्रमाणे पुढचं बदलायचं. जुन्या एसओडब्ल्यूमधली (कामाचं स्वरूप ठरवणाऱ्या कागदातली) फीचरची यादी, एकरकमी आकडा आणि शेवटची तारीख तशीच ठेवतात आणि वर एक ओळ चिकटवतात, ‘काम ॲजाइल पद्धतीने होईल’. तिसऱ्या स्प्रिंटमध्ये (स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक छोटा टप्पा) ग्राहक यादीबाहेरचं काही मागतो, तेव्हा दोघेही तोच कागद पुढे करतात. गंमत म्हणजे कागदाप्रमाणे दोघांचंही बरोबर असतं.

यादी गोठवायची नसेल, तर बाकीचं सगळं घट्ट बांधावं लागतं. समजा, चार डेव्हलपर आणि एक टेस्टर आहेत, स्प्रिंट दोन आठवड्यांची आहे आणि एका स्प्रिंटचा दर ६ लाख रुपये आहे. १२ स्प्रिंट धरल्या तर खर्चाची कमाल मर्यादा ७२ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी १२.९६ लाख. मर्यादा जीएसटीसह की जीएसटी सोडून, हे लिहिलेलं नसेल तर भांडण नेमकं या १२.९६ लाखांवर होतं. बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची क्रमवार यादी, परिशिष्ट म्हणून जोडाच, पण तारीख घालून आणि ‘हा अंदाज आहे’ असं स्पष्ट लिहून. सोबत अदलाबदलीचा नियम हवा: काम सुरू न झालेली स्टोरी (बॅकलॉगमधलं एक छोटं काम) तेवढ्याच आकाराच्या नव्या स्टोरीशी विनाशुल्क बदलता येईल, चालू स्प्रिंटला मात्र हात लावायचा नाही.

स्टोरी पॉइंटवर, म्हणजे स्टोरीच्या आकाराच्या अंदाजी मापावर, बिल लावण्याचा मोह टाळा. पॉइंटला पैसे चिकटले की पॉइंट फुगतात. काल ३ पॉइंटची असलेली स्टोरी आज ५ ची होते आणि वेग वाढल्याचा नुसता भास होतो. स्क्रम या ॲजाइल पद्धतीच्या नियमपुस्तिकेने, स्क्रम गाइडनेही २०११ मध्ये स्प्रिंटच्या कामाबाबत ‘कमिटमेंट’ (बांधिलकी) हा शब्द काढून ‘फोरकास्ट’ (अंदाज) घातला. करारात मात्र अजून ‘प्रति स्प्रिंट ४० पॉइंट बंधनकारक’ असली कलमं दिसतात.

मग ग्राहकाने विश्वास कशावर ठेवायचा? ‘डेफिनिशन ऑफ डन’वर, म्हणजे काम ‘झालं’ कधी म्हणायचं याच्या यादीवर. ती टीमच्या विकीवर राहिली तर उपयोग नाही, करारालाच जोडा: कोड रिव्ह्यू झालेला, स्वयंचलित चाचण्या पास, स्टेजिंगवर (प्रत्यक्ष वापराआधीच्या चाचणी-सर्व्हरवर) चढवलेलं, गंभीर दोष शून्य.

सर्वांत जास्त पैसे अडकतात ते स्वीकृतीत. डेमोला सगळे माना डोलावतात आणि बिल गेलं की ‘अजून साइन-ऑफ कुठे दिलाय?’ म्हणून विचारणा होते. डेमो म्हणजे आपोआप स्वीकृती नव्हे, करारात तसं लिहिलं असेल तरच ती स्वीकृती ठरते. म्हणून कलम असं बांधा: स्टेजिंगवर चढवल्यापासून ५ कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जाईल. हरकत स्टोरीच्या स्वीकृती-निकषाकडे बोट दाखवणारी हवी. ‘मजा नाही आली’ ही हरकत नव्हे, ती पुढच्या बॅकलॉगची स्टोरी.

सेवा देणारी कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर तिच्या बाजूने २००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा आहे. १५ दिवसांत लेखी हरकत नाही आली तर सेवा स्वीकारली असं तो मानतो. करारात काहीही लिहा, पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ‘९० दिवसांत पेमेंट’ असं छापलेल्या साच्यावर अशा कंपनीने गुमान सही करू नये. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र सहीआधीच करून ठेवा, नंतर केली तर आधीच्या कामावरून वाद होतो.

प्रॉडक्ट ओनरचं, म्हणजे ग्राहकाच्या बाजूने कामांचा क्रम ठरवणाऱ्या माणसाचं, नाव न लिहिणं ही किरकोळ वाटणारी चूक. नाव, गैरहजेरीतला पर्यायी माणूस, आणि प्रश्नाला २ कामकाजाच्या दिवसांत उत्तर, एवढं तरी लिहा. उत्तर आलं नाही तर टीम पुढची तयार स्टोरी उचलेल आणि स्प्रिंटचं बिल पूर्ण लागेल. बॅकलॉगचा क्रम प्रॉडक्ट ओनर बदलू शकतो, दर आणि मर्यादा नाही, हेही त्याच कलमात यावं.

कोडच्या मालकीत अमेरिकी साच्यातलं ‘वर्क फॉर हायर’ (करून घेतलेलं काम आपोआप काम देणाऱ्याच्या मालकीचं) सर्रास उतरवलं जातं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्यावर विसंबता येत नाही. कर्मचाऱ्याने नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा असतो, पण फ्रीलान्सरचा कोड फ्रीलान्सरचाच. तो ग्राहकाकडे यायला सहीचं लेखी हस्तांतरण लागतं, आणि तेही काळजीपूर्वक. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण ५ वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. कलम १९(४) प्रमाणे हक्क एक वर्षात वापरला नाही तर तो परतही जाऊ शकतो. म्हणून ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी, कलम १९(४) लागू नाही’ हे शब्द गाळू नका. मालकी कधी बदलते? त्या-त्या स्प्रिंटचे पैसे जमा झाले की. ‘प्रकल्प संपल्यावर’ लिहिलंत आणि प्रकल्प सातव्या स्प्रिंटला थांबला, तर सहा स्प्रिंटचे पैसे देऊन ग्राहकाच्या हाती कागदोपत्री काहीच नसतं. सेवा कंपनीची जुनी लायब्ररी त्यात असेल तर तिचा फक्त वापर-परवाना द्या. ओपन सोर्सची यादी दर रिलीजसोबत द्या, त्यात जीपीएल, एजीपीएल (बदललेला कोडही खुला ठेवण्याची अट घालणारे परवाने) वेगळे दाखवा.

करार मध्येच संपवण्याची नोटीस स्प्रिंटमध्ये मोजा, महिन्यांत नको. एक स्प्रिंट पुरते. ग्राहकाला लवकर थांबायचं असेल तर स्क्रमचे सहनिर्माते जेफ सदरलँड यांची सूचना व्यवहारी आहे: उरलेल्या रकमेच्या २० टक्के द्या आणि मोकळे व्हा. वरच्या उदाहरणात नवव्या स्प्रिंटनंतर थांबलं तर उरतात १८ लाख, द्यायचे ३.६ लाख. गिट रिपॉझिटरी (कोडचा साठा), क्लाउड खातं आणि डोमेन पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या नावावर असलेलं बरं. हस्तांतर करताना पासवर्ड मागत बसणं दोघांनाही त्रासाचं.

वॉरंटी ‘३० दिवस’ म्हणजे कुठून मोजायचे? प्रत्येक रिलीज प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, गेल्यापासून, आणि तिसऱ्याने त्या मॉड्यूलला हात लावला की त्या मॉड्यूलपुरती ती संपेल. दोष म्हणजे मान्य निकषापासूनचा फरक, बाकी सगळं नवं काम.

लवाद नेमण्याचा हक्क एकट्या बाजूकडे ठेवणारं कलम न्यायालयात टिकणं अवघड, त्यामुळे परस्पर संमतीचा एक लवाद आणि लवादाचं स्थान, म्हणजे पुणे की मुंबई, स्पष्ट लिहा.

सही आधीच झाली असेल आणि कागद चुकीचा निघाला, तर जुना करार फाडायची गरज नाही. ‘आठव्या स्प्रिंटपासून लागू’ असा दोन पानी पुरवणी करार करा: स्वीकृतीची मुदत, प्रॉडक्ट ओनर, मालकी आणि नोटीस. आधीच्या सात स्प्रिंटची स्थिती एका तक्त्यात घालून तीही दोघांनी सही करून घ्या, म्हणजे जुनं उकरायला जागा उरत नाही. समोरचा सहीला तयार नसेल तर निदान प्रत्येक डेमोनंतर त्याच दिवशी मेल पाठवा: कोणत्या स्टोरी दाखवल्या, कोणती हरकत आली, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं.